स्टॉकचा कूलर

रायपुरात कूलर म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. पत्र्याची चौकोनी पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाणी, आत घरघरणारा पंखा. होळी झाली की ती पेटी गच्चीवरून उतरते आणि पावसाळा लागला की परत चढते. मी ज्या कूलरबद्दल लिहिणार आहे तो तळहातावर मावतो. या दोन कूलरांमधला फरक एका सरकारी कार्यालयाला मला समजावता आला नाही, आणि त्यापायी माझी नोकरी गेली.

इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचे संपादक म्हणाले, धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. यात गंमत किती आहे ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. एका माणसाचं नाव मी बदललं आहे. आपला अंक त्यांच्या घरी दरवर्षी जातो, तेव्हा ते स्वतःला ओळखतील. ओळखू देत.

आधी धंदा सांगतो. कॉम्प्युटरच्या डब्यात ग्राफिक्स कार्ड नावाची एक पट्टी असते. पडद्यावर जे चित्र दिसतं, ते काढायचं काम तिचं. साधं टायपिंग करणाऱ्याला तिची गरज नाही, पण इमारतींचे हुबेहूब नकाशे, फिरती चित्रं करायची असली की सगळा भार तिच्यावर येतो. भार आला की ती तापते. म्हणून कंपनी तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा आणि छोटा पंखा बसवून देते. हा जो कंपनीने मुळात बसवून दिलेला असतो, त्याला जगभर ‘स्टॉक कूलर’ म्हणतात. तो कामापुरता असतो, कारण कंपनी पैसे कार्डाच्या मुख्य चिपवर घालते, पंख्यावर नाही. काम वाढलं की तो काढून दुसरा, मोठा बसवावा लागतो.

हे काम अवघड नाही, पण हाताला घाई चालत नाही. मागचे चार स्प्रिंगचे स्क्रू थोडे थोडे, तिरपे सोडायचे. एकच स्क्रू पूर्ण काढला तर ठोकळा एका बाजूने चिपवर दाबला जातो आणि तिचा कोपरा उडतो. चिप आणि ठोकळा यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून सिमेंट झालेली असते, म्हणून ठोकळा उचलायचा नाही, डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरवायचा, म्हणजे तो आपणच सुटतो. मग स्पिरिटने चिप पुसायची, आरशासारखी. तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट. नवा कूलर. स्क्रू पुन्हा तिरपे. मी हे काम शंभरदा केलं असेल आणि एकही चिप माझ्या हातून मेली नाही. बढाई वाटली तर वाटू दे.

नोकरी लागायच्या आधी घरी दुरुस्त्या करायचो, तेव्हा पंडरीच्या कापडबाजारातले एक शेठ मुलाचं मशीन घेऊन आले होते. मी म्हणालो, स्टॉक कूलर बदलना पडेगा. शेठ उसळले. “इतना महँगा कार्ड लिया, और उसने कूलर स्टॉक का टिका दिया?” कापडाच्या बाजारात स्टॉकचा माल म्हणजे पडून राहिलेला, दोन सीझन जुना माल. शेठ ज्या दुकानातून कार्ड घेतलं तिथे भांडायला निघाले होते, मी हात धरून बसवलं. हा किस्सा मी पुढे कित्येक वर्षं सांगून लोकांना हसवलं. त्यातून शिकलो मात्र काही नाही. एकच शब्द, पण शेठच्या गादीवर त्याचा अर्थ वेगळा आणि माझ्या टेबलावर वेगळा, एवढं तेव्हाच डोक्यात शिरायला हवं होतं.

आता नोकरीचं. माझे वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यात खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचे मदतनीस होते. भंडाऱ्याकडून आलेले, चौथीत शाळा सुटलेली. पगाराच्या कागदावर सही करायचे, ती अक्षरं काढायला त्यांना पाव मिनिट लागायचं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. कॉम्प्युटर. डिग्रीचा कागद वडिलांनी देव्हाऱ्याशेजारी टांगला आणि आईने दसऱ्याला त्यालाही हळद-कुंकू लावलं. काचेवर लावलं म्हणून वाचला.

राजधानी रायपुराबाहेर वसवलेल्या नव्या शहरात हलली तेव्हा एका कार्यालयात मला संविदेवर घेतलं. संविदा म्हणजे वर्षावर्षाची नेमणूक. दर मार्चमध्ये साहेबांनी सही केली तर पुढचं वर्ष आपलं. पाच वर्षं काढली की कायम करतात अशी हवा होती, आणि माझं चौथं चालू होतं. वडील पारावर सांगत सुटायचे, “आमचा पोट्टा नव्या राजधानीत आहे. साहेब लोकाईच्या मशिनी त्याच्या हातात आहेत.” म्हणजे ती एक सही माझ्यासाठी काय होती ते लक्षात येईल.

त्या कार्यालयात नव्या शहराची फिरती चित्रं बनवायचं एक मशीन होतं. त्यावर साहू दीदी बसायच्या. छत्तीसगढी बाई, कामाला चोख. पाहुणे आले की साहेब त्यांना पडद्यावर नवं शहर फिरवून दाखवायचे. रस्ते, तलाव, झाडं. बाहेर खिडकीतून पाहिलं तर तिथे नुसतं मुरुमाचं माळरान. तर हे मशीन मार्चपासून बंद पडायला लागलं. अर्धं शहर फिरून झालं की पडदा काळा.

मी डबा उघडला. स्टॉक कूलरच्या पात्यांत धुळीचा नमदा बसला होता. खाली काळी आणि वर लाल. लाल म्हणजे नव्या शहरातला मुरूम. काळी जुन्या कार्यालयातून आलेली, सिलतऱ्याच्या बाजूची, लोखंडाच्या कारखान्यांची. ही काळी धूळ फुंकून जात नाही, पंख्याच्या मोटरीतल्या चुंबकाला चिकटते. पंखा अडखळत फिरत होता आणि कार्ड नव्वद अंशांच्या वर जात होतं.

“भैया, ये बचेगा ना?” साहू दीदींनी विचारलं. “पंद्रह दिन में प्रेजेंटेशन है.”

“कूलर बदला तर वाचेल दीदी.”

मी रीतसर अर्ज केला. ग्राफिक्स कार्ड का स्टॉक कूलर बदलने हेतु. अर्ज भांडारात गेला. भांडारपाल होते बावनकर काका. म्हणजे तेच, ज्यांचं नाव मी बदललं आहे. आमच्याच भंडाऱ्याकडचे, मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट धरणारे, निवृत्तीला वर्षभर उरलेले. कार्यालयात मराठी बोलायला मला तेवढा एकच माणूस होता.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा : ‘भवन वातानुकूलित है। कूलर की पात्रता नहीं है।’

मी हसत हसत भांडारात गेलो. “काका, हा तो कूलर नाही.”

“मले माहीत आहे रे बाबू. पण फाईल माझ्यापाशीच थोडी राहते? वरचा क्लार्क कूलर हा शब्द पाहते अन् एसी आहे म्हणते. त्याचं काय चुकलं?”

“मग काय लिहू?”

“काय लिहू म्हणजे? तू ग्रॅज्युएट आहेस. तूच पाह्य.”

मी पुन्हा अर्ज लिहिला, या वेळी दीड पान, आकृती काढून. तो परत आलाच नाही. प्रेजेंटेशनला चार दिवस उरले. माझ्या घरी एक मेलेलं कार्ड होतं, माझं स्वतःचं, त्याचा दोन पंख्यांचा चांगला कूलर शाबूत होता. चार भोकांमधलं अंतर मोजलं, जुळलं. शनिवारी मी तो पिशवीतून घेऊन गेलो आणि बसवला. कार्ड साठ अंशांच्या वर जायचं नाव घेईना. साहू दीदींनी शहर तीनदा फिरवलं आणि तिसऱ्यांदा टाळी वाजवली.

जुना कूलर मी टाकला नाही. सरकारी वस्तू आहे. वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली आणि सोमवारी भांडारात नेला.

“काका, हा जमा करून घ्या.”

“ठेव त्या अलमारीत. खालच्या खणात.”

“पावती?”

“आता काय घरच्या माणसाले पावती देऊ?”

मी ठेवला आणि आलो. ती माझी पहिली चूक. दुसरी अजून मोठी आहे.

प्रेजेंटेशन झकास झालं. साहेबांनी साहू दीदींचं कौतुक केलं, आणि त्यांनी, बाईंचं मन मोठं, सांगितलं की मशीन भैयाने ठीक केलं. साहेब म्हणाले, व्हेरी गुड. दोन दिवसांनी बावनकर काका स्वतः माझ्या टेबलाशी आले. असे ते कधी येत नसत.

“साहेब खूश आहेत तुझ्यावर. तू काय काय केलं ते सविस्तर लिहून दे. कागदावर राह्यलं पाह्यजे. मार्चात कामी येईल.”

“लिहितो काका.”

“नीट लिही. तुमच्या त्या टेक्निकल भाषेत.”

मी लिहिलं. मन लावून, सुवाच्य अक्षरात. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे, कारण ते मला पुढे तीनदा मोठ्याने वाचावं लागलं : ‘मैंने बिना अनुमति की प्रतीक्षा किए स्टॉक कूलर निकाल लिया और उसके स्थान पर अपना कूलर लगा दिया।’ खाली सही, सहीखाली कंसात बी.एस्सी. काकांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. “झकास,” म्हणाले.

जून लागला तेव्हा भांडाराची तपासणी आली. जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत सामान हलवताना काय आलं, काय राहिलं, त्याची इतकी वर्षं राहून गेलेली मोजणी. नव्या इमारतीत एसी, म्हणून जुने खिडकीचे कूलर एका शेडमध्ये रचून ठेवले होते. वहीत होते त्यापेक्षा शेडमध्ये एक कमी भरला. पत्र्याचा, अख्खा, दोन माणसांना उचलावा लागतो तो. सामान हलवलं त्या आठवड्यात तो कोणाच्या तरी घरच्या खिडकीत जाऊन बसला असणार.

मला साहेबांच्या खोलीत बोलावलं. साहेब, तपासणीचे दोघं, कोपऱ्यात बावनकर काका. टेबलावर माझा कागद.

“ये आपकी हैंडराइटिंग है?”

“जी सर.”

“पढ़िए.”

मी वाचलं. वाचताना मला काहीच खटकलं नाही. आपण लिहिलेलं आपल्याला आपल्याच अर्थाने ऐकू येतं. तपासणीचा माणूस म्हणाला, “मतलब आप मानते हैं कि स्टॉक का कूलर आपने निकाला.”

तेव्हा कुठे मला उमगलं. त्यांच्या जगात स्टॉक म्हणजे भांडारातली वही. स्टॉक कूलर म्हणजे वहीवरचा कूलर. निकाल लिया म्हणजे नेला. तोही परवानगीची वाट न पाहता. आणि हे सगळं माझ्या हस्ताक्षरात, डिग्रीसकट.

मी समजावलं. चिप, पेस्ट, पंखा, सगळं. हिंदीत बोलता बोलता मराठी येत होती. शेवटी म्हणालो, “सर, जो निकाला वो भंडार की अलमारी में है. बावनकर काका को मैंने खुद दिया था.”

सगळे भांडारात गेले. खालच्या खणात पुडकं होतं. सुतळी माझीच. मी सोडलं आणि साहेबांच्या हातावर तो पंखा ठेवला.

साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. “इसको कूलर बोलते हैं? रायपुर में कभी मई काटी है आपने?”

मागे कोणीतरी हसलं. साहेबांना वाटलं मी त्यांची थट्टा करतोय. साहू दीदी दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, भैया सही बोल रहे हैं, कंप्यूटर में इसी को कूलर कहते हैं.” साहेब म्हणाले, “आप अपना काम कीजिए.” त्या तरी थोडा वेळ उभ्या राहिल्या. एवढं त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

मी बावनकर काकांकडे पाहिलं. एकच वाक्य पुरलं असतं. हो, त्याने हेच आणून दिलं होतं. काका चष्मा पुसत होते.

“काका, तुम्ही सांगा नं.”

“मले टेक्निकल समजत नाही रे बाबू,” ते म्हणाले. मराठीत म्हणाले, म्हणजे खोलीत ते फक्त मला समजलं. साहेबांसाठी हिंदीत काही बोललेच नाहीत.

माझ्यावर पोलीस केस झाली नाही. चोर असंही कोणी म्हटलं नाही. फाईलवर शेरा आला की कर्मचाऱ्याने लेखी मान्य केलेलं आहे, प्रकरण मिटवावं, आणि पुढील नेमणुकीची गरज वाटत नाही. बेपत्ता कूलरला माणूस मिळाला, भांडाराची वही जुळली. बावनकर काका त्याच वर्षी निष्कलंक निवृत्त झाले. हारतुरे झाले म्हणतात.

जाताना मी माझा दोन पंख्यांचा कूलर परत मागितला. नवा भांडार क्लार्क म्हणाला, “वो तो अब स्टॉक में चढ़ गया है, भैया.” म्हणजे आता तो खरोखरचा स्टॉक कूलर झाला होता. मला तिथेच हसू फुटलं. वेडा समजून त्याने पाणी आणून दिलं.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी तो कागद पाहायला मागितला. माझ्याकडे झेरॉक्स होती, मी वाचून दाखवली. ते खाटेच्या सुंभाशी खेळत होते.

“एवढं काहून लिहिलं?” ते म्हणाले. “पंखा खराब होता, दुसरा लावला. झालं नं.”

“बा, ते टेक्निकली बरोबर झालं नसतं.”

“बरोबर कोणाले पाह्यजे होतं?”

 या खलाशाने तीस वर्षं कारखान्यात काढली होती, किती पंखे, किती चाकं बदलली होती, आणि कागदावर कधी सहापेक्षा जास्त शब्द लिहिले नव्हते. मला वाटायचं त्यांना लिहिता येत नाही म्हणून. पारावर जाणं त्यांनी हळूहळू सोडलं. पोट्टा कुठे आहे असं कोणी विचारलं की, “आहे आपला, दुकान टाकते,” एवढंच म्हणायचे. वडील वारले तेव्हाही माझ्या डोक्यावरचा तो शेरा तसाच होता. डिग्रीची काच अजून भिंतीवर आहे. कुंकवाचा डाग मी पुसलेला नाही.

दुकान मी चौबे कॉलोनीत टाकलं. चांगलं चालतं. एक नियम केला : गिऱ्हाइकाने तक्रार स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहायची आणि सही करायची. मी एक अक्षर लिहीत नाही. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारे गृहस्थ रिक्षातून उतरले, रिक्षावाल्याने कॉम्प्युटरचा डबा काउंटरवर ठेवला. बावनकर काका. वाळले होते, पण भांग तोच.

“ओळखलं का बाबू?”

“बसा काका.”

“चांगलं दुकान टाकलं. मले माहीतच होतं, तू मागं राहणारा पोट्टा नाहीस.” मग डब्यावर थाप मारली. “नातवाचं आहे. पुण्याले शिकून राहिला, सुट्टीत आला. गेम खेळता खेळता बंद पडते म्हणते. त्यानंच सांगितलं, आबा, त्यातल्या कार्डाचा स्टॉक कूलर बदलून आणा.”

ते दोन शब्द त्यांनी स्वच्छ उच्चारले. अडखळले नाहीत. मी चिठ्ठ्यांचं बुक त्यांच्यापुढे सरकवलं, पेन ठेवलं. “काय बदलायचं ते लिहा. तुमच्या हातानं.”

काकांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. चष्मा लावला. कागदावर टेकवलेलं पेन क्षणभर तसंच थांबलं. मग त्यांनी भांडाराच्या वहीतल्या त्याच गोल, नीटस अक्षरात लिहिलं :

‘पंखा खराब आहे, दुसरा लावणे.’

मी ते वाचलं. वडिलांचंच वाक्य होतं, एक-दोन शब्दांचा फरक.

“काका, नातवानं तर स्टॉक कूलर सांगितलं नं?”

“ते बोलण्यात,” पेनाला टोपण लावत ते म्हणाले. “कागदावर तसं लिहीत नसतेत, बाबू.”

लिहून झाल्यावर त्यांनी सवयीने हात पुढे केला. पावतीसाठी. मी ती फाडून दिली.